मेलेल्या शेळीचा कान

मंगळवारी अडीच वाजता सखूमावशी माझ्या दुकानात येऊन बसली आणि मी हातातला फोन आड सरकवला. वारंगा फाट्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला, तिला दिसणार नाही असा, माझा फोन उघडा होता. त्यात तिचं खातं होतं आणि त्यातले पैसे मिनिटागणिक कमी होत होते.

"काई काम व्हतं का, मावशी?"

"न्हाई. गुडघे दुखून राहिले. बसते जरा."

ही बाई उगाच कुठं बसणारी नव्हे. मावशी आमच्याच गावची. तिचा जन्म शेळ्यांमागं गेला. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा आखाडा बाळापूरच्या बाजारात सगळा कळप विकून तिनं एक लाख चाळीस हजार माझ्यापुढं ठेवले. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा, हे तिला मीच समजावलं होतं. भाव पडतो, चढतो, कंपनी चांगली असली तर अधूनमधून लाभांश येतो, आणि वाटा आपलाच राहतो. "म्हंजे बसल्या जागी चरणारा कळप," ती म्हणाली होती. म्हातारपणासाठी तिच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

तिच्या नावानं खातं उघडून तीन जुन्या कंपन्यांचे शेअर घेतले. तिला वाचता येत नाही, म्हणून पिन माझ्याकडं. सौदा ठरला अर्धलीचा, आमच्याकडं शेळ्यांचा ठरतो तसा. शेळी मालकाची, चारणारा दुसरा, पिल्लं निम्मी-निम्मी. दुसऱ्याचं खातं असं चालवणं नियमात बसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण वारंगा फाट्यावर नियम बघायला येतो कोण!

दोन वर्षांत बारा हजार वाढले. माझ्या वाट्याचे सहा. मला, अतिशहाण्याला, तेवढ्यानं भागेना. गेल्या बुधवारी मी तिला न विचारता सगळे शेअर विकले आणि सोमवारी त्या पैशांचा निफ्टीचा कॉल घेतला. बाजार वर जाईल अशी ती सरळ पैज होती. मंगळवारी साडेतीनच्या आत गेला तर पैसे दुप्पट, नाही गेला तर हातात भोपळा. त्यात वाटा नाही, लाभांश नाही, आज पडला तर उद्या चढेल म्हणून थांबायची सोयही नाही.

आणि बाजार सकाळपासून खालीच चालला होता. दीड लाखाचे सदुसष्ट हजार झाले होते.

"बाजार कसा हाय?" मावशीनं विचारलं.

"बराबर हाय."

"आपल्या कंपन्या?"

"चरून राहिल्या की." वर मी हसलोसुद्धा. मावशी हसली नाही.

तीन वाजले. चोपन्न हजार. एक गिऱ्हाईक पीक विम्याचा फॉर्म घेऊन आलं, त्याला सर्व्हर बंद आहे म्हणून हाकललं. मावशी पदरानं मान पुसत म्हणाली, "अर्धलीची शेळी मेली तर चारणाऱ्यानं काय करायचं रं?"

हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्रत्येक मालकाची खूण शेळीच्या कानावर कापलेली असते. शेळी मेली तर तो कान आणून दाखवायचा, म्हणजे ती मेलीय, विकून खाल्लेली नाही, हे मालकाला कळतं.

"कान दाखवायचा," मी म्हणालो.

"व्हय. मी ज्याच्या शेळ्या चारायचे, त्या मालकाला एकजण म्हनला, दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या. कान कुठं? तर म्हनला, कानबी लांडग्यानंच खाल्ले."

"मग?"

"मग काय! मालकानं त्याला चहा पाजला. पुन्हा शेळी न्हाई दिली."

सत्तेचाळीस हजार. आता विकलं तर एवढे तरी वाचतील. थांबलो आणि बाजारानं एक उडी मारली, तर सगळं भरून निघेल आणि कुणाला काही कळणारही नाही. एकच उडी! माझे स्वतःचे पैसे याआधी याच आशेनं गिळले होते. अंगठा बटणावर ठेवून मी वर पाहिलं. मावशी फोनकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

तीन चौदाला मी विकलं. एकेचाळीस हजार हाती लागले. फोन तिच्याकडं फिरवून काउंटरवर ठेवला.

"मावशी, कळप मेला. मी मारला. शेअर इकून जुगार खेळलो. एवढेच उरले."

तिनं आकडा बघितला. मग पिशवीतून घरचा मोबाईल काढला.

"बुधवारी तुला वैष्णवीनं नंबर सांगितला का न्हाई?"

वैष्णवी तिची नात. शेअर विकताना ओटीपी मावशीच्या नंबरवर येतो. तो मी फोन करून मागून घेतला होता आणि त्या पोरीनं वाचून दाखवला होता.

"सांजच्याला अजून एक मेसेज आला. खात्यातून शेअर गेले म्हनून. पोरीनं त्योबी वाचला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग सहा दिवस बोलली काहून न्हाईस?"

"वाट बघून राहिले व्हते. म्हनलं, कान घेऊन येईल लेकरू. न्हाई आलास. मग मीच आले."

तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "सगळे भरून देतो, मावशी."

"ते तर देशीलच."

साडेतीन वाजता त्या कॉलचा भाव पाच पैसे होता. मावशीला त्याचं काही नव्हतं. तिनं मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "उरलेला कळप आता मी चारीन. ते ॲप यात टाक, अन् शिकव. आकडे येतात मला, बाजारात जन्म गेला माझा."

मी ॲप टाकलं. नवीन पिन मागणारा पडदा आला तशी तिनं मोबाईल उचलून पदराआड धरला.

"तिकडं बघ," ती म्हणाली.

मी रस्त्याकडं तोंड केलं. चार आकडे दाबायला तिला बराच वेळ लागला. ती हो म्हणेपर्यंत मी वळलो नाही.