दोघांनीही वाट दिली

हिल्का हॉलंडच्या उत्तर टोकाला, आमच्या ग्रोनिंगनच्या प्रयोगशाळेत, वीबे खाली दक्षिणेला डेल्फ्टमध्ये. मध्ये गाईंची कुरणं, पाण्याचे पाट आणि टेलिफोनची एक तार. त्या तारेवरून दोघांची यंत्रं बोलायची, आणि यंत्रं गप्प झाली की ही दोघं.

लग्न कधीचंच ठरलं होतं, घर कुठे करायचं तेवढं ठरत नव्हतं. "तू म्हणशील तिथे," वीबे म्हणायचा. "नाही, तू म्हणशील तिथे," हिल्का म्हणायची. आता आमच्या प्रोफेसर हौविंकनी सांगून टाकलं होतं, हातातलं काम कसोटीला उतरलं तर दोघांनाही एकाच गावी कायमची नोकरी. गाव तुम्ही निवडा.

तू आधी, मी मागून, म्हणता सरला दिस
दारामध्ये दोघं उभी, घर राहिलं ओस

काम सांगायला सोपं. संगणक दोन, प्रिंटर एकच, आमच्या खोलीतला, आणि एका वेळी एकच आत. वर मुकादम नाही. ज्याला छापायचं त्याने दुसऱ्याला विचारायचं, जाऊ का? दुसरा मोकळा असेल तर लगेच 'जा' म्हणेल. त्यालाही छापायचं असेल, तर ज्याने आधी विचारलं त्याचा मान. तो आपलं उरकेल, मगच दुसऱ्याला 'जा' म्हणेल. इथल्या यंत्राचा प्रोग्रॅम हिल्काने लिहिला, तिथल्या यंत्राचा वीबेने.

तपासणीच्या सकाळी, कॉफी अजून ओतली जात होती, तोच प्रिंटर खडखडू लागला. एक ओळ ग्रोनिंगनची, एक डेल्फ्टची. दोनपेडी दोर वळावा तसा कागद बाहेर आला.

"एका वेळी एकच आत म्हणाला होतात ना?" प्रोफेसर म्हणाले. "इथे तर जत्रा भरलीय. दुपारी पुन्हा बघू."

हिल्काने फोन लावला. वीबेचा आवाज असा, की माझ्या टेबलापर्यंत ऐकू यावा.

"तुझं यंत्र घुसलं मध्ये!" हिल्का म्हणाली.

"माझं? तुझ्याकडून 'जा' आलं म्हणून गेलं ते."

"मलाही तुझ्याकडून 'जा' आलं होतं."

हिल्काने कागद खाली ठेवला.

"वीबे, दोघांनी एकाच क्षणी विचारलं, तर काय करायचं लिहिलंयस तू?"

"तुला 'जा' म्हणायचं. आणि तू?"

"तुला 'जा' म्हणायचं."

"अगं वेडे!"

"तूच वेडा! दोघांनीही वाट दिली, म्हणून तर दोघंही आत!"

हसता हसता तिने डोळे पुसले. "यंत्रांना नंबर देऊ. बरोबरी झाली तर एक नंबरचा मान."

"मग तू एक."

"छे, तू..." हिल्काने जीभ चावली. "बरं. मी एक. माझं होईपर्यंत तू थांबायचंस."

"थांबतो की."

दुपारी मुद्दाम दोन्हीकडून एकाच क्षणी विचारलं. आधी हिल्काचा कागद अख्खा आला, मग वीबेचा. प्रोफेसरांनी दोन्ही उजेडात धरले. "बरं, गाव कोणतं?"

फोन चालूच होता. "तो म्हणेल..." हिल्का म्हणाली आणि मध्येच थांबली. मग फोनकडे वळून एका दमात म्हणाली, "ग्रोनिंगन. मला हे उत्तरेचं आभाळ सोडवत नाही, वीबे. तू ये."

"येतो," तो म्हणाला, इतक्या लवकर की तो वाटच बघत असावा. "पण तुझ्या त्या शिडीसारख्या जिन्यावरून माझा पियानो कसा चढणार?"

"खिडकीतून. आढ्याला सामान चढवायचा लोखंडी आकडा आहे, दोर आहे, शेजारी आहेत."

"मग आधी पियानो, की आधी मी?"

"पियानो," हिल्काने लगेच सांगितलं.