चुरा उभ्या माणसाचा

"बाबा, तुम्हाला दुप्पट का म्हणतात?"

प्रश्न भोंग्याने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. चष्मिस आणि लंबू या दोघी मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत तो तिच्या गळ्यात बांधला होता. बाईंनी निबंधाला विषय दिला होता, 'संकटकाळातील नफेखोरी', आणि तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचा होता. सगळ्या जणी उदाहरण कुठून आणायचे म्हणून डोके खाजवत होत्या, तेवढ्यात चष्मिस म्हणाली, "तुझी काय बाई मज्जा, घरबसल्या उदाहरण! वादळात तुझ्या बाबांनी बर्फ काय भावाने विकला, विचार की. आहे हिंमत?"

हिंमत! हा शब्द ऐकला की भोंगा मागे हटणारी नव्हती. आवाज मोठा म्हणून पहिलीपासून तिला हे नाव चिकटले होते आणि त्यापायी तिने कितीदा तरी उशीत तोंड खुपसून रडून घेतले होते. पण महिन्यापूर्वी शाळेच्या कार्यक्रमात माइक ऐनवेळी बंद पडला, तेव्हा या पोरीने नुसत्या गळ्यावर सगळे मैदान सांभाळले. तेव्हापासून ती ते नाव पदकासारखे मिरवत होती.

"विचारते की! त्यात काय एवढं?" ती म्हणाली होती.

आता बाबांच्या बर्फाच्या दुकानात उभी राहून ती उत्तराची वाट पाहत होती. बाबा हसतील, 'अगं, लोकांना काही उद्योग नाही' म्हणतील आणि उद्या मैत्रिणींचे दात त्यांच्याच घशात घालता येतील, अशी तिची खात्री होती.

बाबांनी लादीवरचे गोणपाट बाजूला केले, चिकटलेला भुसा हाताने झटकला आणि करवत लावली.

"भाव दुप्पट केला होता म्हणून," ते म्हणाले.

करवत खर्र खर्र चालत राहिली. भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच बारीक झाला.

"म्हणजे... खरंच?"

"खरंच म्हणजे? नाव काय आकाशातून पडतं? तू सात वर्षांची होतीस. वादळात विजेचे मनोरे आडवे झाले, अकरा दिवस अंधार. कारखाना जनरेटरवर चालायचा, तिथेच लादी महाग झाली."

"मग तेवढाच वाढवायचा ना भाव!"

"पहिल्या दिवशी वाढवलाच नव्हता. जुन्या भावाने विकला." बाबांनी करवत थांबवली. "दहा वाजायच्या आत एक हॉटेलवाला आला आणि चाळीसच्या चाळीस लाद्या टेम्पोत घालून घेऊन गेला. स्वस्त होत्या, का नाही नेणार? अकरा वाजता लोक यायला लागले. कुणाचं औषध, कुणाच्या बाळाचं दूध. माझ्याकडे काय, तर ओला भुसा! दुसऱ्या दिवशी पाटी लावली, दुप्पट. हॉटेलवाल्याने दोनच नेल्या. संध्याकाळपर्यंत बर्फ पुरला."

"आणि जास्तीचे पैसे?"

"मिळाले. खोटं कशाला बोलू? तुला या शाळेत घातलं ते त्याच वर्षी."

भोंग्याने अंगावरच्या गणवेशाकडे पाहिले. गणवेश तोच होता, पण एकाएकी टोचायला लागला. उद्या वर्गात काय वाचणार? माझी फी माझ्या निबंधाच्या विषयातूनच आली, असे?

तेवढ्यात कोपऱ्यावरची शिंपीणकाकू पिशवी हलवत आली. "अर्धा किलो द्या हो. आज पोरीचं तोंड का असं? भोंगा बिघडला की काय?"

"काकू," भोंगा एका दमात म्हणाली, "वादळात तुम्हीपण दुप्पट भावाने बर्फ घेतला?"

"मी?" काकू अशी हसली की पिशवीच खाली पडली. "माझ्याकडे कुठले पैसे गं? मशीन विजेची, अकरा दिवस टाका नाही पडला. मी चुरा न्यायचे. तुमच्या धंद्यातलीच म्हण आहे ना, लादी घेणाऱ्याची, चुरा उभ्या माणसाचा!"

ती ओळ भोंग्याने आजोबांच्या तोंडून ऐकली होती. लादी कापताना जो चुरा पडेल तो जवळ उभ्या असलेल्याने उचलावा, त्याचा भाव नाही, अशी या दुकानाची जुनी रीत. "पण चुरा तो केवढा? मूठभर," ती म्हणाली.

"मूठभर?" काकू म्हणाली. "अगं, त्या दिवसांत यांची करवत काय वाकडी चालायची! उभा जन्म बर्फ कापण्यात गेलेला माणूस, पण एक लादी सरळ कापता येईना. इकडून ढेकूळ, तिकडून ढेकूळ. माझा डबा रोज गच्च. सासऱ्यांचं इन्शुलिन वीज येईपर्यंत थंड राहिलं ते त्याच चुऱ्यावर. पलीकडच्या गल्लीत म्हणत असतील दुप्पट. आम्ही यांना वाकडी करवत म्हणायचो."

"काकू, बर्फ वितळतोय," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

काकू गेली. भोंग्याला वाटले, आता बाजारभर ओरडत सुटावे. ती बाबांच्या गळ्यातच पडली. "मग सांगत का नाही लोकांना? दुप्पट म्हटलं की खुशाल ओ देता!"

बाबा दुकानाच्या पायरीवर बसले. "चौथ्या दिवशी एक बाई आली होती. कडेवर मूल, हातात डबा. आपल्या भागातली नव्हती, तिला रीत माहीत नव्हती. तिने पाटी वाचली, डबा मागे लपवला आणि वळली. माझे दोन्ही हात करवतीवर. आणि हाक मारू तरी काय? 'ये, तुला फुकट देतो' म्हणून? चारचौघांत? मी विचार करीपर्यंत ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली." त्यांनी हात गोणपाटाला पुसले. "कुणी दुप्पट म्हटलं की ती आठवते. तिच्यासाठी तर मी दुप्पटच होतो, तिच्या वाटणीचं म्हणून ओ देतो."

लादीखालून पाण्याची बारीक धार गटाराकडे निघाली होती. भोंग्याने पाहिले, बाबांच्या बोटांची टोके पांढरी, सुरकुतलेली होती. ती नेहमीच तशी असत. तिने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि गरम होईपर्यंत सोडली नाहीत.

जेवताना आईने विचारले, "निबंध झाला का गं?"

"पहिली ओळ झाली. 'दुप्पट हे माझ्या वडिलांचं नाव आहे.' पुढचंही सगळं लिहिणार. हॉटेलवाला, माझी फी, ती बाई, सगळं. बरोबर की चूक ते अजून मला नीट ठरवता आलेलं नाही. तेही लिहिणार."

आईने बाबांकडे पाहिले. बाबा ताटाकडे पाहत होते.

"पण एक गोष्ट मात्र ठरलीय. दोघांनी ऐका." भोंगा उठून उभी राहिली.

"ऐकतोय," आई म्हणाली. "शेजारचेपण ऐकतायत."

"पुन्हा वीज गेली ना, तर मी दुकानात. बाबांचे हात करवतीवर असतात, तर हाक मारायला कुणीतरी नको? फुकट म्हणायचं नाही, ये म्हणायचं नाही, कुणा एकाकडे बघायचंसुद्धा नाही. नुसती आजोबांची ओळ म्हणायची, भाजीवाले ओरडतात तशी. 'लादी घेणाऱ्याची, चुरा उभ्या माणसाचा!'" ताटे थरथरली. "बाबा, कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल का हो एवढं?"

बाबांनी मान वर केली. मग होकारार्थी हलवली.

"मग ठरलं," ती म्हणाली. "भाव तुम्ही लावा. आरोळी मी देणार."