पॅलेडियमची फीत

“कोंडीराम, माझं रेशीम कुठं गेलं?” चिंतामणराव केळुसकर रिकामी बशी हातात धरून ओरडले.

“मोर्च्यात वाटून टाकलं ना, साहेब,” प्रयोगशाळेचा हमाल कोंडीराम छाती काढून म्हणाला. “आज काळ्या फिती लावून यायचं ठरलेलं. तुमच्या काळ्या पट्ट्या सुकत घातलेल्या बघितल्या. म्हटलं, साहेब तोंडानं बोलत न्हाईत, पण पोटात संयुक्त महाराष्ट्र हाय!”

चिंतामणरावांना घेरी यायचीच बाकी होती. परळच्या त्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून त्यांचे केस पिकले, पण नावामागे डॉक्टर काही लागेना. अखेर आत्याच्या जुन्या सोवळ्याच्या रेशमावर त्यांनी पॅलेडियम धातू चढवला. तो चढला की रेशीम काळे पडते. पट्टी तेलात बुडवून हायड्रोजन सोडला की तेलाचे वनस्पती तूप होते. मग पट्टी काढायची, धुवायची आणि पुन्हा वापरायची. “सोवळंच ते, दर वेळी नवं कशाला?” असे आत्याही म्हणाली होती. तेच रेशीम परत परत चालते, हे आज दुपारी परीक्षकांना दाखवायचे होते. नवे पॅलेडियम परदेशातून कधी येणार, ते देवालाच ठाऊक.

मोर्चा लालबागला जमत होता; ते धापा टाकत तिथे पोचले. पहिली पट्टी गिरणीतल्या दगडूच्या दंडावर दिसली.

“फीत सोडा आधी!”

“का? महाराष्ट्र नको काय तुला?” दगडूने बाह्या सरसावल्या.

भोवती माणसे जमली. चिंतामणरावांनी घाईघाईने हायड्रोजन समजावून सांगितला. कुणाला ओ की ठो कळले नाही, पण गृहस्थ रडकुंडीला आलाय एवढे कळले आणि गाठी भराभर सुटल्या. पट्ट्या घामाने थबथबल्या होत्या. एकीला तर तंबाखूचा चुना लागला होता. असली घाण लागली की पॅलेडियम कामातून जाते, मग धुऊनही उपयोग नसतो. चिंतामणरावांनी कपाळाला हात लावला.

एकच पट्टी कोरडी होती, घोडपदेवच्या काशीबाईने काठीला बांधलेली. तेवढ्या एकीवर निभावले असते.

“घ्या की,” काशीबाईने काठी पुढे केली. “माझा पोरगा रामदास गोळीबारात गेला, त्याच्यासाठी धरलीवती. पण तुमचं काम अडलंय ना?”

चिंतामणरावांनी गाठीला हात घातला. त्यांना भयंकर लाज वाटली. गाठ सैलच होती. त्यांनी ती घट्ट आवळली.

“वाऱ्यानं सुटली असती,” ते म्हणाले.

मोर्चा हलला. परळला परीक्षक घड्याळ बघत असतील, हे त्यांना ठाऊक होते. ते काशीबाईच्या मागोमाग चालत राहिले.