दहापैकी किती

नेत्राने शोभनाताईंच्या रकसॅकचा कमरपट्टा एका हिसक्यात आवळला आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. अमेरिकेतल्या या माउंट रेनियर पर्वतावर नातं चालणार नाही, हे तिने पायथ्याशीच बजावलं होतं.

"वर मी गाइड, तू क्लायंट. ओके?"

"ओके बाई."

मिशिगनमधल्या, नोव्हाय गावच्या मैत्रिणींच्या मते साठीत शोभनाला डोंगराचं खूळ लागलं होतं. खूळबीळ काही नव्हतं. दर रविवारी नेत्रा फोनवर "आय ॲम फाइन, आई" म्हणायची. चांगली नोकरी सोडून बर्फात गेलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी दर रविवारी तेवढीच फाइन कशी, हे शोभनाताईंना पटेना. समोर बसून पाहायला हवं होतं. म्हणून आठ महिने त्या पाठीवर तांदळाची पिशवी बांधून जिना चढल्या-उतरल्या होत्या. आणि आता हा ज्वालामुखी: वरून बर्फ, पोटात आग. घरातल्या बायकांसारखाच.

दर तासाला थांबा. प्रत्येक थांब्यावर नेत्रा एकेकाला कसं वाटतंय ते विचारायची.

"आउट ऑफ टेन? खरं सांगा हं. इथे खोटं बोललात तर वर सगळ्यांना भोवतं."

"टेन!" टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून आलेला राज म्हणाला. त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि खाऊचं वेष्टन त्याला फोडता येत नव्हतं. शोभनाताईंनी ते फोडून दिलं आणि मनातल्या मनात त्याला साडेपाच दिले.

"शोभना?"

पोरीच्या तोंडून आपलं नाव! त्यांनी हसू दाबलं.

"दहा."

दुसऱ्या थांब्यावरही दहा. तिसरा थांबा दहा हजार फुटांवर, दगडी खोपटापाशी होता. इथून पुढे शिखराकडे कोण जाणार, ते आत्ताच ठरणार होतं.

"शोभना?"

दहा म्हटलं की आणखी एक दिवस लेकीच्या दोरीला बांधून चालता येणार होतं. 'दहा' जिभेवर आलंही. बाळंतपणात, नवरा गेला तेव्हा, प्रत्येक वेळी आलं होतं तसंच. हे 'फाइन' पोरीने कुठून उचललं, याचा हिशेब त्यांना एकाएकी लागला.

"चार," त्या म्हणाल्या. "गुडघा वळत नाही. मघाशी दोनदा अंधारी आली. तेव्हा खोटं बोलले."

नेत्रा गुडघ्यांवर बसली. आईचा हातमोजा काढून तिने नखं पाहिली, बोटं चोळली.

"तू इथेच थांबायचंस. खोपटात. खोपट सांभाळणारे मोहनकाका असतील सोबतीला. मी उद्या दुपारी येते, आई."

आई. नियम तिचा होता, तिनेच मोडला.

"रागावलीस?"

"नाही गं. चार कुणी म्हणतच नाही यार."

मोजा पुन्हा चढवला गेला, तरी शोभनाताईंनी तिचं बोट सोडलं नाही.

"आणि तू?"

"मी काय?"

"दहापैकी."

"आय ॲम..." नेत्रा थांबली. राज वेष्टनाची घडी घालत दुसरीकडे पाहू लागला. खाली ढग पसरले होते.

"सहा," ती म्हणाली. मग, "रविवारी चार."

बर्फावर अंथरलेल्या बसकरावर शोभनाताई जराशा सरकल्या. दोघींपुरती जागा झाली.