रेकीला डबे नेत नाहीत

वनमाला परबने ट्रेक आखायला घेतला की बोट ठेवायला जागा राहत नसे. मुलुंडच्या तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर दोन महिने एकच कागद चिकटलेला होता. रविवार, सकाळी सात, बोरिवलीच्या बाजूने जंगलात शिरायचं. पहिल्या पॉइंटवरून तुळशी तलाव, दुसऱ्यावरून विहार, आणि सगळ्यात वरच्या तिसऱ्यावरून दोन्ही एकदम. दुपारी दोनच्या आत खाली. चढण मध्यम. हा ‘मध्यम’ शब्द तिने आपल्या गुडघ्याला विचारून लिहिला होता.

गुडघा नवा होता, दीड वर्षापूर्वी बसवलेला. त्याआधी अठरा वर्षं ती, रुचिरा, चंद्रप्रकाश आणि सुबोध असे चौघे डोंगर पालथे घालत आले होते. मरोळच्या एका औषध कंपनीत एकाच टेबलावर पॅकिंग करायचे, तेव्हापासूनची दोस्ती. कंपनी सुटली, डोंगर सुटले नाहीत. ऑपरेशननंतर वनमाला वॉकर धरून रडली होती तेव्हा रुचिराच तिच्याजवळ बसून म्हणाली होती, “रडतेस काय? तुझ्याशिवाय आम्ही एक टेकडी चढणार नाही, समजलीस?” त्या एका वाक्याच्या जोरावर बाईने सहा महिने रोज बिल्डिंगचे सात मजले चढून-उतरून काढले. वरच्या पॉइंटवर तिला त्या तिघांच्या बरोबरीने उभं राहायचं होतं. आपण अजून त्यांच्यातल्याच आहोत, एवढंच तिला स्वतःला दाखवायचं होतं.

या चौघांची एक पद्धत होती. ट्रेकच्या आठ-पंधरा दिवस आधी दोघांनी जाऊन वाट बघून यायची. पाणी कुठे, घसरडं कुठे, वेळ किती लागतो, सगळं टिपून आणायचं. त्याला रेकी म्हणत. या खेपेला रुचिराच म्हणाली, “वाटाड्या असतोच ना सोबत. रेकी कशाला?” आणि आठवडाभर आधी तिचा पुन्हा फोन आला, “वनू, वरचा पॉइंट बंद आहे गं म्हणे. दोनच करू.” वनमालाने निमूटपणे कागदावरची ती ओळ खोडली. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही, पण बंद आहे म्हटल्यावर भांडणार कोणाशी?

रविवारी ती पहाटे उठून भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि चार उकडलेली अंडी घेऊन गेटवर पोचली, तर रुचिरा आणि चंद्रप्रकाश दोघेच आलेले.

“सुबोध?”

“पोट बिघडलंय त्याचं,” चंद्रप्रकाश तिसरीकडेच बघत म्हणाला.

वाटाड्या आला. तुळशीदास त्याचं नाव, पन्नाशीचा, काटक माणूस. त्याला बघून रुचिराचा चेहरा खर्रकन उतरला. तो हसून काही बोलणार, तेवढ्यात तिनेच घाई केली, “चला चला, ऊन वाढेल.”

चढ सुरू झाला आणि वनमालाला नवलच वाटायला लागलं. ती पुढे होती! गुडघा कुरकुरसुद्धा करत नव्हता. आणि मागे ते दोघे विव्हळत येत होते. चंद्रप्रकाश प्रत्येक दगडावर टेकत होता. रुचिरा उतार आला की झाडं धरून आडवी-आडवी उतरत होती.

“काय रे, म्हातारे झालात की काय?” वनमालाने चिडवलं. खरं सांगायचं तर तिला उकळ्या फुटत होत्या. दीड वर्षं ज्याची भीती घातली गेली, तो गुडघा आज राजा होता.

पहिल्या पॉइंटवर झाडीमध्ये तुळशीचं पाणी दिसलं, निळंशार. तुळशीदास पाणी पिता पिता सहज म्हणाला, “मॅडम, तुम्ही काल नव्हता ना? म्हणून फ्रेश आहात. हे दोघं आणि त्यांचे अजून एक मित्र काल तिन्ही पॉइंट करून गेले. आज पाय भरून येणारच.”

वनमाला हसली. मग तिचं हसू तिथेच थांबलं.

“काल? वरचा पॉइंट बंद आहे ना?”

“बंद? कोण बोललं? काल तासभर वरच बसलो होतो की. डबे खाल्ले, केक कापला साहेबांचा.”

साहेब म्हणजे चंद्रप्रकाश. त्याचा वाढदिवस वनमालाच्याही लक्षात होता. पिशवीत त्याच्यासाठी तिने टोपी घेतली होती.

“रेकी केली गं,” रुचिरा घाईघाईने म्हणाली. “तुझ्यासाठीच. तुला झेपेल का ते बघायला.”

“रेकीला डबे नेत नाहीत रुचिरा,” वनमाला म्हणाली. “केक तर नाहीच नाही. आणि आदल्या दिवशी रेकी कोण करतं? अठरा वर्षांत कोणी केली?” राग आला की तिला मुंबईची भाषा पुरत नसे. “माका सांगूक काय झाला होता गो तुका? तोंड नाय होता?”

रुचिरा रडवेली झाली. “चिडू नकोस ना यार. तू असलीस की आम्हाला तुझ्या चालीने चालावं लागतं. एकदा मोकळेपणी जावंसं वाटलं, बस. तुला वाईट वाटू नये म्हणून आजचा ठेवला.”

म्हणजे कालचा ट्रेक खरा आणि आजचा तिची समजूत घालायला. लहान मुलाला गाडीतून एक चक्कर मारून आणतात तसा. शिवी दिली असती तरी वनमालाला इतकं लागलं नसतं. वॉकर धरलेल्या दिवशी दिलेला शब्द या बाईने असा फिरवला होता, आणि वर तो उपकार म्हणून तिच्या पदरात घातला होता.

दुसऱ्या पॉइंटपर्यंत वनमाला मागे न बघता चालत गेली. डांबरी रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर होता. वनमालाने दोघांच्या वाटणीच्या भाकऱ्या आणि चटणी काढून दगडावर ठेवली. कुणाला उपाशी ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. टोपी मात्र तिने पिशवीतच राहू दिली.

“मला वर न्या,” ती तुळशीदासला म्हणाली.

“वनू, आम्ही पण येतो, हळूहळू,” रुचिरा उठायला गेली आणि मांडी धरून खाली बसली.

वरची चढण खडी होती. वनमाला दोनदा थांबली, दोनदा घाम पुसला, आणि पोचली. एका बाजूला तुळशी, दुसऱ्या बाजूला विहार, मधे नुसतं हिरवं रान. तिच्या तोंडून निघालं, “बघ गं...” आणि बाजूला कोणी नव्हतं. तिथेच ती ढसाढसा रडली. तुळशीदास बिचारा पाठ करून उभा राहिला.

डोळे पुसून तिने विचारलं, “उतरायला दुसरी वाट आहे?”

“आहे. पण लांबून जाते. आणि मॅडम, खाली ते लोक बसलेत ना?”

“त्यांना वाट ठाऊक आहे,” वनमाला म्हणाली. “काल येऊन गेलेत.”