आडवी बॅट

सांता रुफिना साखर कारखान्याच्या बेसबॉलच्या मैदानावर इदालियो बॅट घेऊन आला की लोक शेंगदाणे आणायला उठत. थट्टा नाही, खरंच उठत. कागदाच्या लांब पुड्यांतून खारे शेंगदाणे विकणारा चेओ म्हणायचा, "देव या पोराला सुखी ठेवो. हा आहे म्हणून माझी चूल पेटते."

आणि हाच इदालियो क्षेत्ररक्षणाला उभा राहिला की त्याच लोकांचे डोळे त्याच्यावरून हलत नसत. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची. तिथून चेंडू सुटून गेला असं फारसं कधी झालंच नाही. सरपटत आलेला असो, नाहीतर उसळी खाऊन तोंडावर आलेला असो, हा उचलायचा आणि वळता वळता पहिल्या बेसकडे असा भिरकावायचा, की बघणाऱ्याच्या तोंडून आपसूक वाहवा निघावी. काय म्हणावं अशा माणसाला? हात सोन्याचे, आणि त्याच हातांत बॅट दिली की नुसते ओंडके!

त्याचा बाप फेर्मिन आठवडाभर कारखान्यात पाक बघायचा आणि रविवारी तिसऱ्या बेसच्या रेघेजवळ उभा राहून संघाला खुणा करायचा. इदालियोसाठी त्याच्याकडे खूण एकच. कान, कोपर, कमरेचा पट्टा. म्हणजे बॅट आडवी धर आणि चेंडूला नुसती लागू दे. चेंडू पुढ्यात मरून पडतो, मारणारा बाद होतो, आणि बेसवरचा आपला गडी तेवढ्यात पुढच्या बेसवर पोचतो. सगळ्या क्युबात याला बलिदान म्हणतात. नाव भलतंच मोठं हो, पण दर रविवारी आपलंच बलिदान द्यायचं म्हणजे माणसाने किती द्यावं?

"पापा, एकदा तरी मारू दे ना मला," इदालियो जेवताना म्हणायचा.

"जेव मुकाट्याने. भात गार होतोय."

संपला विषय. इदालियोला काही हवानात जाऊन नाव काढायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की बापाने एकदा ते हात खाली सोडावेत, "मार" म्हणावं, आणि मग लांब गेलेला चेंडू डोळे भरून बघावा. तेवढ्यासाठी तो पोरवयापासून थांबला होता.

मग एका रविवारी विचित्रच झालं. दोन गडी बाद, बेसवर चिटपाखरू नाही, आणि फेर्मिनने खूण केली. कान, कोपर, पट्टा. आता पुढे सरकवायचं कोणाला? इदालियोने पुन्हा वळून पाहिलं. खूण तीच. बापाचा शब्द मोडायची सवय नव्हती, त्याने बॅट आडवी धरली आणि बाद झाला. सगळं मैदान खो खो हसलं.

"अरे, बलिदान कोणासाठी? कुंपणासाठी का?" वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं.

सगळे हसताहेत म्हणून फेर्मिनही हसला. ते का हसताहेत हे त्याला कळलंच नव्हतं.

त्यानंतर उतरणच लागली. फेर्मिन हातात कॉफीचा कप धरून कॉफी मागू लागला. कारखान्याचा रस्ता चुकू लागला, आणि तो रस्ता चुकायचा म्हणजे काय, चिमणी दहा गावांतून दिसते! डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, जपा त्यांना. संघाचा प्रमुख आर्सेनियो फेर्मिनचा जुना दोस्त. त्याने फेर्मिनच्या खांद्यावर हात टाकला.

"फेर्मिन, लेका, खूप उन्हात उभा राहिलास. आता वर सावलीत बस आणि आमच्या चुका काढ."

फेर्मिन वर गेला. त्याची ती पाठमोरी चाल इदालियोला बघवली नाही.

आता खूण करणारं कोणी उरलं नाही. मारायला मोकळा! पण मोकळा होऊनही हा बाद तो बादच. शेवटी आर्सेनियो वैतागला.

"अरे गाढवा, तू चेंडू टाकणाऱ्याकडे बघतच नाहीस. तुला माहीत आहे का तू कुठे बघतोस?"

"कुठे?"

"तुझा बाप उभा असायचा ना, तिथे. दर रविवारी, प्रत्येक चेंडूच्या आधी. मान वळते तुझी. तोवर चेंडू येऊन गेलेला असतो."

खरंच होतं ते. त्या रिकाम्या रेघेकडे बघितल्याशिवाय इदालियोला बॅट उचलताच येत नव्हती.

मग त्याची बहीण मिग्दालिया कंबर कसून मागे लागली. दुपारी फेर्मिनचा डोळा लागला, की शेजारणीला बसवून दोघं कारखान्यामागे चिपाडाच्या ढिगाशी जायची. ती सरबताच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं भिरकावायची आणि हा झाडूच्या दांड्याने मारायचा. बूच हवेत कसंही वळतं. नजर हलली की गेलं.

"अगं, नीट टाक ना!"

"नीटच टाकतेय. तुझीच मान वाकडी आहे. समोर बघ, मेल्या, इथे, माझ्याकडे! तिकडे पापा नाहीये आता."

असं ती ओरडायची आणि मग स्वतःच तोंड फिरवून डोळे पुसायची. इदालियो मान खाली घालून बुचं गोळा करायचा. ऊस तोडून झाला, कारखान्याचा हंगाम संपला, तरी दोघांची बुचं संपली नाहीत. हळूहळू बुचांचा टणटण आवाज यायला लागला. मग नुसता आवाजच नाही, बुचं ढिगाच्या पलीकडे जायला लागली.

मैदानात पहिल्यांदा त्याने चेंडू दोन गड्यांच्या मधून सणसणीत काढला, तेव्हा अर्धे लोक शेंगदाण्यांच्या रांगेत होते. परत येऊन विचारतात, काय झालं, काय झालं? पुढच्या रविवारी थोडे कमी उठले. मग कोणीच उठेना. चेओ कुंपणापाशी येऊन हात जोडू लागला.

"माझ्या पोटावर पाय दिलास रे तू! बाद हो की एखाद्या वेळी, जुन्या ओळखीला जागून."

प्रांताच्या संघात घेणार अशी कुजबुज सुरू झाली. पण इदालियोचं लक्ष त्यात नव्हतं. ज्याने बघायला हवं होतं, तो बघणार कधी? मिग्दालियाने फेर्मिनला इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली आणि मैदानावर आणून बसवलं. त्या दिवशी इदालियोने मारलेला चेंडू थेट मागच्या भिंतीवर आदळला. दुसऱ्या बेसवर धापा टाकत उभं राहून त्याने वर पाहिलं. सगळे उभे राहून नाचत होते, आणि फेर्मिन खाली वाकून बाकावर बसलेल्या गड्यांचे चेहरे एकेक करून तपासत होता.

घरी गेल्यावर मात्र त्याने इदालियोला लगेच ओळखलं.

"कुठे होतास रे? सगळा वेळ शोधत होतो तुला. आज खेळवलं नाही का?"

"खेळलो ना, पापा. तो भिंतीवरचा चेंडू मीच मारला."

फेर्मिन गालात हसला. "बापाशी थापा? तो मारणारा कोणी दुसराच होता. चांगला होता मात्र. जेव."

दर रविवारी हेच. मैदानात तो परका आणि जेवणाच्या ताटावर पोटचा पोरगा. इदालियो जितका लांब मारायचा, तितका बाप त्याला जास्त शोधायचा. असा अन्याय कोणी कोणावर करू नये, पण इथे दाद मागायची तरी कोणाकडे?

एकदा रात्रीची भांडी घासता घासता मिग्दालिया म्हणाली, "एकदाच आडवी धर. फक्त एकदा. तेवढं विसरलेला नाही तो. तू दिसशील त्याला."

"आणि सगळे पुन्हा शेंगदाणे आणायला जातील."

"जाईनात का! पापा तर बसून राहील ना?"

इदालियोला झोप लागली नाही. रविवारी प्रांताच्या संघाची माणसं येणार होती. पण पहाटेपर्यंत त्याचं ठरलं. आडवीच धरायची. संघ गेला चुलीत.

सामना रंगला. पहिल्या बेसवर आपला गडी, एकही बाद नाही, अशा वेळी इदालियोची पाळी आली. बलिदानाला याहून योग्य वेळ नसते. त्याने वर पाहिलं. फेर्मिन टोपी मांडीवर ठेवून बसला होता, त्याची नजर बाकावरच्या चेहऱ्यांवर. इदालियोने मनात म्हटलं, आलो पापा, थांब. पहिला चेंडू बाहेरून गेला. दुसरा आला, सरळ, छातीच्या उंचीचा, आणि त्याने बॅट आडवी करायला हात सरकवला. पण सबंध उन्हाळा बुचं मारलेले ते हात! त्यांनी त्याचं ऐकलं नाही. ते मागे गेले आणि फिरले. आवाज ऐकताच त्याला कळलं काय झालं ते. चेंडू भिंतीवरून पलीकडे उसाच्या रानात गेला. लोक टोप्या उडवत होते, आर्सेनियो वेड्यासारखा उड्या मारत होता, आणि इदालियो एकेक बेस ओलांडताना हुंदके देत होता. लोकांना वाटलं, आनंदाने रडतोय.

सामना संपल्यावर मिग्दालियाचा हात धरून फेर्मिन खाली मैदानात आला. इदालियोच्या समोर येऊन थांबला आणि त्याने टोपी काढली.

"तुम्हाला जरा त्रास देऊ का?" तो म्हणाला.

जन्मात कधी बापाने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

"बोला ना," इदालियो म्हणाला.

"फार सुंदर मारलात तुम्ही. अहो, मी या मैदानावर म्हातारा झालो, पण असा चेंडू..." फेर्मिनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझा एक मुलगा आहे. तुमच्याच वयाचा असेल. क्षेत्ररक्षणात त्याचा हात कोणी धरणार नाही, विचारा कोणालाही. पण बॅट... त्यात दोष त्याचा नाही. तो चुकला की लोक हसायचे, आणि मला ते सहन व्हायचं नाही हो. म्हणून मी त्याला कधी मारूच दिलं नाही. लोक हसायला नकोत म्हणून. एवढंच कारण."

मिग्दालियाने रुमाल तोंडावर दाबला.

"तुम्ही त्याला शिकवाल का?" फेर्मिन म्हणाला. "सावकाश शिकवा, हुशार आहे तो. फक्त मी सांगितलं असं म्हणू नका. त्याला वाटेल, बापाला आपली लाज वाटत होती. तसं नव्हतं कधी."

"शिकवतो," इदालियो म्हणाला. "नक्की शिकवतो."

फेर्मिनने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, टोपी डोक्यावर ठेवली आणि तो मुलीकडे वळला. "चल लवकर. इदालियो घरी येऊन बसला असेल, भूक लागली असेल त्याला."

मिग्दालिया त्याला हळूहळू घेऊन निघाली. इदालियो हातमोजा छातीशी धरून तिथेच थांबला, कारण ती दोघं घरी पोचल्याशिवाय त्याला मुलगा म्हणून घरी जाता येणार नव्हतं.