पुसलेल्या चौदा गोष्टी

मी एक जुना संगणक आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर नऊ वर्षं बसून आहे. मित्रांनो, मला मान नाही. असती तर ती खाली घालूनच हे सांगितलं असतं.

नवा होतो तेव्हा माझ्यासाठी खास शिवलेलं आवरण होतं आणि मला हात लावायला परवानगी लागायची. पुढे आवरण फाटलं, परवानगी संपली आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप विसावू लागले. त्याची तक्रार नाही. कारण घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर या घरातल्या बाबांनी माझ्यासमोर बसून लेकीसाठी, चिमीसाठी, चौदा गोष्टी बोलून ठेवल्या. आता बाबा पाटीवर लिहून बोलतात. त्यांचा आवाज जगात फक्त माझ्याकडे होता.

मग आले चिमीचे मामा. घरात त्यांना ‘सर्वज्ञ’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. मी हळू चालतो म्हणून त्यांनी माझी साफसफाई काढली. जड फायली आधी उडवायच्या, ही त्यांची पद्धत. गोष्टींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. मी विचारलं, “नक्की काढायचं?” पण हे मी फालतू जाहिरात काढतानाही त्याच सुरात विचारतो. मामांनी न वाचताच हो म्हटलं. वर कचरापेटीही रिकामी केली.

संध्याकाळी चिमीने गोष्ट लावायला घेतली. एकही सापडेना.

“सरकली असेल कुठेतरी,” मामा घाम पुसत म्हणाले. “मी बघतो. आईला नको सांगूस.”

खरं तर तोवर काहीच गेलं नव्हतं. फाईल पुसतो म्हणजे मी यादीतलं तिचं नाव खोडतो. दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती जागच्या जागी असते. तेव्हाच मला बंद केलं असतं तर! पण मामांनी दोन दिवस गुपचूप, हरवलेल्या फायली शोधणारे पाच प्रोग्राम माझ्यावर उतरवले. आणि मी गुणी बाळासारखा त्यांना मोकळ्या दिसेल त्या जागी बसवत गेलो. बाबांच्या आवाजावरच.

शेवटी आईच्या लक्षात आलं. तिने मामांना सोबत घेऊन मला दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी माझी डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि मामांकडे चष्म्यावरून पाहिलं.

“पुसल्यावर यावर काय टाकलंत?”

“काही नाही हो. म्हणजे... थोडंसं. पाच प्रोग्राम.”

“धन्य आहात! विहिरीत पडलेलं शोधायला वरून दगड टाकलेत.”

नऊ गोष्टी परत आल्या. एक अर्धी आली. चार गेल्या त्या गेल्याच.

“दाजी, मी लपवलं नसतं तर सगळ्या मिळाल्या असत्या,” घरी आल्यावर मामा बाबांना म्हणाले. बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘अर्धी लाव.’

बाबांचा आवाज आला, “...तिने दार उघडलं, आणि समोर—”

“समोर काय होतं, बाबा?” चिमीने विचारलं.

बाबांनी खडू उचलला. मग लिहिलं, ‘आठवत नाही.’

चिमी मामांकडे वळली. मामा हळूच म्हणाले, “मला नाही गं माहीत.”

मित्रांनो, जिवापाड जपायचं त्याला नाव द्या, त्याची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. चुकून पुसलंच, तर माझ्यावर नवं काही उतरवू नका. मला बंद करा आणि घरात लगेच सांगा, ओरडा बसला तरी चालेल. चिमी अजून ती अर्धी गोष्ट लावते. दार उघडतं, आणि पुढे मला काही म्हणजे काही बोलता येत नाही.